युव्ही प्युरिफायर लावूनही सिगारेटचा वास परत येतोय? आधी वास कधी येतो ते बघा

"अहो दादा, ते निळ्या दिव्याचं मशीन आणून दीड महिना झाला. पहिले आठ-दहा दिवस बरं वाटलं. आता परत तेच. दार उघडलं की ॲशट्रे नाकाशी धरल्यासारखं होतं."

असा फोन मला जून-जुलैत हमखास येतो. ठाणे-मुलुंड भागात मी एसी आणि प्युरिफायर सर्व्हिसिंगचं काम करतो. वरचं बोलणं एका काकूंचं. त्यांनी जुना टू बीएचके विकत घेतला होता आणि आधीचे मालक हॉलमध्ये बसून वर्षानुवर्षं सिगारेट ओढायचे. काकूंच्या घरात कोणी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, तरी वास काही जाईना. अशी घरं आता इतकी पाहून झालीत की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. युव्ही (अतिनील किरणांचा) दिवा जंतू मारतो. त्या दिव्याचा उजेड सिगारेटचा वास घालवत नाही. तुमच्या मशीनने पहिले आठ दिवस वास घालवला असेल तर ते काम दिव्याच्या शेजारी गुपचूप बसलेल्या कोळशाच्या फिल्टरने केलं. तो कोळसा भरला आणि वास परत आला, एवढंच झालंय.

दिवा नेमकं काय करतो

प्युरिफायरमधला नेहमीचा युव्ही-सी दिवा 254 नॅनोमीटरचा प्रकाश देतो. हा प्रकाश जंतूंच्या डीएनएवर घाव घालतो, मग ते वाढत नाहीत. क्षयरोगाच्या वॉर्डात हे दिवे भिंतीवर उंच बसवतात ते यासाठीच. पण धूर काही जिवंत नसतो, मग दिवा त्याला मारणार काय?

धुरात दोन भाग असतात. एक, डांबराचे बारीक थेंब, बहुतेक 0.1 ते 1 मायक्रॉनच्या मधले. हे हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारी दाट जाळी, पकडतो आणि चांगला पकडतो. दुसरा भाग म्हणजे वायू. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि आपल्याला जो 'शिळा' वास येतो तो बराचसा या वायूंचा, त्यातही पिरिडीन जातीच्या रसायनांचा. हेपाच्या जाळीतून वायू आरपार जातात. त्यांना धरायला कोळसाच लागतो.

कोणी म्हणेल, दिवा जोरदार असला तर रसायनंही तोडेल की. मग हा हिशोब बघा. मशीन तासाला 200 घनमीटर हवा ओढतंय आणि आतला मार्ग वीस सेंटिमीटर बाय वीस सेंटिमीटरचा आहे. हवा सेकंदाला जवळजवळ 1.4 मीटर वेगाने जाते. दिव्याच्या उजेडाचा पट्टा पंधरा सेंटिमीटरचा धरला तर हवा त्याच्यासमोर सेकंदाचा दहावा हिस्सा थांबते. तेवढ्या वेळात रसायनाचं काय वाकडं होणार! घरगुती मशीनमध्ये जंतूंच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो, पण तो वेगळा विषय.

मग 'फोटोकॅटॅलिटिक' लिहिलेली मशीनं येतात. यात दिव्यासमोर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेली जाळी असते. आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच द्रव्य असतं. प्रकाश पडला की या लेपावर रासायनिक क्रिया होते आणि वायू तुटतात. हे शास्त्र खरं आहे, 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांच्या शोधनिबंधापासून त्यावर काम चालू आहे. अडचण घरात येते. हवा झपकन निघून जाते, क्रिया अर्धवट राहते आणि वासाच्या वायूंऐवजी फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड असे दुसरेच वायू बाहेर पडू शकतात. त्यात धुराचं डांबर जाळीवर बसलं की लेप आंधळा होतो. वर्षभर सिगारेटवाल्या खोलीत चाललेली अशी जाळी मी उघडली आहे. बोट फिरवलं तर गुळाच्या पाकासारखं चिकटलं.

खोक्यावरच्या आकड्यांत आणखी एक खाच आहे. 'स्मोक सीएडीआर' (सीएडीआर म्हणजे मशीन तासाला किती हवा स्वच्छ करून देतं ते) असा मोठा आकडा छापलेला असतो आणि लोकांना वाटतं, वा, सिगारेटच्या धुरावर तपासलेलं मशीन आहे. तपासणी सिगारेटच्या धुरावरच होते, खरं आहे. पण मोजतात ते धुरातले कण किती लवकर कमी झाले ते. वास किती गेला हे त्या आकड्यात नसतंच.

आता मुद्द्याचं: वास कधी येतो?

फोनवर मी मशीनचा ब्रँड विचारत नाही. वास केव्हा येतो ते विचारतो. निम्मं निदान तिथेच होतं. एक अडचण अशी की घरातल्या माणसांची नाकं मरून गेलेली असतात. दोन-तीन तास बाहेर जाऊन या आणि दार उघडल्यावरच्या पहिल्या चार श्वासांत काय येतं ते लक्षात ठेवा. नाहीतर शेजारच्या वहिनींना बोलवा. त्या खरं सांगतील, जरा जास्तच खरं सांगतील.

*एसी लावल्यावर पहिली दहा मिनिटं वास येतो, मग कमी होतो.* हा सगळ्यात सोपा. वास एसीच्या पोटात आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो. म्हणजे जितकी वर्षं त्या खोलीत सिगारेट ओढली, तितकी वर्षं तो धूर कॉइलवरून आणि ब्लोअरवरून गेला. ब्लोअरच्या पात्यांवर काळपट पिवळी साय बसते, त्यावर धूळ, धुळीवर बुरशी. एसी बंद असताना कॉइल ओली राहते आणि सुरू केला की पहिला झोत हे सगळं घेऊन तुमच्या तोंडावर येतो.

इथे नुसती जाळी धुऊन भागत नाही. ब्लोअर बाहेर काढून धुवावा लागतो, कॉइलला फोम किंवा प्रेशर वॉश, ड्रेनचा ट्रेही काढायचा. मेकॅनिकला बोलावताना 'ब्लोअर काढून' हे शब्द आधी बोलून घ्या, नाहीतर तो जाळी नळाखाली धरून पंधरा मिनिटांत निघून जाईल. आणि कृपा करून घरी कॉइलवर धुण्याचा सोडा मारू नका. कॉइलच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात, खार त्यांना खातो.

कॉइलवर युव्ही दिवा बसवायचा का, असं बरेच जण विचारतात. कॉइलच्या बुरशीवर तो खरंच चालतो, कारण कॉइल जागची हलत नाही, दिव्यासमोर तासन् तास असते. कुबट, ओल्या मोज्यासारखा वास असेल तर फायदा दिसतो. सिगारेटच्या सायीवर मात्र त्याचा उपयोग नाही. शिवाय घरगुती स्प्लिट एसीत बाजारातला सुटा दिवा कोंबला की आतलं प्लास्टिक आणि वायरींचं आवरण सतत युव्ही खातं. एका दुकानातल्या एसीचे स्विंगचे पंख हात लावताच बिस्किटासारखे तुटले होते. दिवा बसवणारा अर्थातच फोन उचलत नव्हता.

*प्युरिफायर लावल्यावर वास वाढतो.* याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आंबट, शिळा, ओल्या राखेसारखा वास असेल तर कोळसा भरलाय. कोळशाच्या अंगावर असंख्य बारीक छिद्रं असतात, चांगल्या ॲक्टिव्हेटेड कोळशाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. वास त्यात अडकून राहतो, जळून जात नाही. जागा संपली की पुढचा वायू नुसता निघून जातो. हवा दमट किंवा गरम झाली तर आधी अडकलेलाही थोडा सुटतो. काकूंच्या मशीनचा फिल्टर मी फाडून त्यातला कोळसा काट्यावर ठेवला होता, भरला 38 ग्रॅम. मूठभरसुद्धा नाही. वीस वर्षांच्या सिगारेटी झेलायला एवढासा कोळसा कुठे पुरणार? ज्यात किलोच्या हिशोबात दाणेदार कोळसा असतो तीच मशीनं वासाला काही काळ टिकतात. म्हणून दुकानात दिवा किती वॅटचा ते विचारू नका, कोळसा किती वजनाचा ते विचारा. विक्रेता गोंधळला तर उत्तर मिळालंच म्हणायचं. हेपा फिल्टरही डांबराने तपकिरी झाला असेल तर तो स्वतःच वास मारतो. तो धुऊन वाळवून परत लावायची वस्तू नाही.

दुसरा प्रकार म्हणजे झोंबणारा, तिखट वास. विजा कडाडल्यावर किंवा जुन्या झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा. घसा खवखवतो. तो ओझोन. काही युव्ही दिवे 254 बरोबर 185 नॅनोमीटरचाही प्रकाश सोडतात आणि तो हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन करतो. काही मशीनं तर मुद्दामच ओझोन सोडतात आणि त्याला 'ताजी हवा' म्हणतात. बंद करा, लगेच. कॅलिफोर्नियात घरगुती हवाशुद्धी यंत्रांना ओझोनची मर्यादा 0.050 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.05 भाग) ठेवली आहे, त्यावरून किती थोडा ओझोनही नकोसा असतो ते लक्षात येईल. जुन्या सिगारेटच्या घरात तर हा अधिकच वाईट, कारण भिंतीवर बसलेल्या निकोटिनशी ओझोनची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. वास दबल्यासारखा वाटतो आणि हवा बिघडलेली राहते. रिकामा फ्लॅट बंद करून ओझोनचं मशीन चालवून देणारे लोक भेटतात. मी ते काम घेत नाही.

उलट बाजूने, स्वस्त मशीनमधला 'युव्ही' म्हणजे बऱ्याचदा दोन-चार जांभळे एलईडी असतात. निळंजांभळं चमकणं म्हणजे युव्ही-सी नव्हे. युव्ही-सी तर डोळ्यांना दिसतच नाही. खरा दिवा असला तरी साधारण 9,000 तासांत, म्हणजे अखंड चालवला तर वर्षभरात, त्याच्या युव्ही-सीचा जोर ओसरतो आणि सोबतचा निळा उजेड मात्र तसाच दिसत राहतो. 'पेटतोय ना' हे बघायला झाकण उघडून त्याच्याकडे टक लावू नका. वेल्डिंग बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, तसंच होईल.

*संध्याकाळीच वास येतो, तोही बाथरूम किंवा किचनच्या बाजूने.* मग तुमच्या घराचा दोष नाही, खालच्या मजल्यावर कोणीतरी ऑफिसातून आलंय. गंमत अशी की तुम्हीच तो धूर ओढून घेत असता. स्वयंपाकाला चिमणी लावली की ती घरातली हवा जोरात बाहेर फेकते. खिडक्या बंद असतील तर तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि ती येते बाथरूमच्या डक्टमधून. खात्री करायची तर चिमणी चालू असताना बाथरूमच्या एक्झॉस्टच्या जाळीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत वळला तर चोर सापडला. चिमणी चालू असताना किचनची खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि एक्झॉस्टला आपोआप मिटणारं शटर लावून घ्या. दोन-चारशे रुपयांचं काम, आणि लोक त्यासाठी वीस हजारांचं मशीन आणतात.

एका घरी असाच शोध घेतला तर वास निघाला मशेरीचा. खालच्या आजी दुपारी तव्यावर तंबाखू भाजायच्या. आता यावर काय बोलणार.

*पाऊस सुरू झाला की वास येतो, ऑक्टोबर हीटमध्ये जातो.* काकूंचं हेच होतं आणि हेच सगळ्यात चिवट. इथे वास हवेतला नसतो. भिंती, छत, पडदे, सोफा, फर्निचर यांनी तो वर्षानुवर्षं पिऊन ठेवलेला असतो. हवा दमट झाली की पाण्याची वाफ त्या वायूंना जागेवरून हुसकावते आणि ते परत खोलीत येतात. तुम्ही हवा कितीही गाळा, भिंत मागून नवा पुरवठा करतेच. गळक्या टाकीखाली फरशी पुसत बसण्यातलाच प्रकार.

काकूंना खरं वाटेना. घर तर रंगवून घेतलं होतं. मी हॉलमधली आधीच्या मालकांची राहिलेली एक मोठी फ्रेम उतरवली. रंगाऱ्याने ती न काढताच आजूबाजूने रंग मारला होता. फ्रेमच्या जागी स्वच्छ पांढरा चौकोन, आणि चौकोनाच्या कडेला, नव्या रंगातूनही वर आलेली चहाच्या डागासारखी पिवळी झाक. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि पांढरं फडकं घेऊन स्टुलावर चढलो आणि ट्यूबलाइटच्या वर, रंगारी पोचला नव्हता तिथे, एकदा पुसलं. फडकं तपकिरी झालं. बाथरूमच्या टाइल्सच्या वरच्या भागात गरम पाण्याच्या वाफेने ओघळलेले पिवळट थेंब होते, काकू त्याला गंज समजत होत्या. लोखंड नसताना गंज कुठून येणार?

मग करायचं काय

क्रम महत्त्वाचा. आधी धुणं, मग उरलेला वास प्रायमरच्या थराखाली बंद करणं, शेवटी रंग. आपल्याकडे उलटं होतं, दिवाळीच्या आधी रंगारी येतो आणि थेट इमल्शनचे दोन हात मारून जातो. पाण्यातल्या रंगातून निकोटिनचे डाग आणि वास दोन्ही वर येतात.

छतापासून सुरुवात करा, कारण धूर वर जातो आणि सगळ्यात जाड थर तिथेच असतो. बादलीभर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडा साबण, हातात रबरी मोजे. पुसायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं, पाणी वारंवार बदलायचं. जुना चुना किंवा साधं डिस्टेंपर असेल तर ते पाण्याने सुटून येईल, तिथे पुसण्यापेक्षा खरवडून नवी लांबी (पुट्टी) लावलेली बरी. काचा आणि स्टीलला पांढरा व्हिनेगर चालतो, निकोटिन आम्लात चांगलं विरघळतं. पण व्हिनेगर आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही नाही, क्लोरीन वायू निघतो.

भिंत पूर्ण वाळल्यावर ऑइल प्रायमरचा हात, त्यावर रंग. जिथे डाग फार चिवट आहेत तिथे लाखेचा थर सगळ्यात खात्रीचा. परदेशात लाखेचे तयार प्रायमर मिळतात. आपल्याकडे फर्निचर पॉलिशवाला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून देतो, काम तेच होतं. उघड्या प्लायवुडला तर हेच लावावं. स्पिरिट आहे, तेव्हा खिडक्या उघड्या आणि गॅस, देवघरातला दिवा बंद. हे सगळं पावसाळ्यात करायला घेऊ नका. नवरात्रानंतरची कोरडी हवा पकडा.

पडदे दोनदा धुवा. सोफ्याचा फोम आणि गादी यांचं माझं मत सरळ आहे, टाकून द्या. फोममध्ये शिरलेला वास ड्रायक्लीनवाल्यालाही ऐकत नाही. एवढं होईपर्यंत रोज तासभर एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. आणि वास झाकायला धूप-उदबत्ती लावत असाल तर थांबवा, तो धुरावर धूर.

हे सगळं झाल्यावर प्युरिफायरला काम उरतं, आणि तेव्हा तो चांगला वाटतो. बारा बाय दहाच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत 32 घनमीटर हवा असते. ती तासाला पाचदा गाळायची तर 160 घनमीटरचा सीएडीआर पुरतो. हेपा हवा, भरपूर कोळसा हवा. युव्ही असलाच तर ओझोन सोडत नाही एवढं बघा. त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

घरात अजून कोणी ओढत असेल तर वरचं काहीही सुरू करू नका, पैसे वाया जातील. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारचे आरोग्याचे मोठे अधिकारी) 2006 च्या अहवालात हे सरळ म्हटलंय की खोली वेगळी करून, हवा गाळून किंवा हवा खेळती ठेवून न ओढणाऱ्यांचं पूर्ण संरक्षण होत नाही. बाल्कनीत जाऊन ओढणाऱ्यांनी निदान मागचं स्लायडिंग पूर्ण लावावं आणि तेव्हा चिमणी चालू नाही ना ते बघावं.

काकूंनी त्या वर्षी दिवाळीआधी छत, भिंती सगळं धुऊन प्रायमर मारून घेतलं, एसीचे ब्लोअर मी काढून धुतले. पुढच्या जूनमध्ये फोन आला. "दादा, हॉल छान आहे. पण आतल्या बेडरूममध्ये, सकाळी." गेलो. भिंत ठीक, एसी ठीक. मग वॉर्डरोब उघडून वरच्या कप्प्यात डोकं घातलं आणि मिळालं. बाहेरून चकचकीत सनमायका, आतून कोरं प्लायवुड, वीस वर्षं दार उघडं टाकून बाजूच्या खुर्चीत बसून कोणीतरी ओढत असणार. पॉलिशवाल्याने आतून चपड्याचे दोन हात मारले, अडीच तासांचं काम.

त्यानंतर काकूंचा फोन आला तो एसी थंड करत नाही म्हणून.